‘मागचे फोटो आणलेत का?’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या जिल्हा पानावर महिन्या-दोन महिन्यांनी एक बातमी हमखास असते. अमुक ठिकाणी नवं सीटी स्कॅन सुरू झालं, तमुक ठिकाणी एमआरआयचं लोकार्पण झालं. फीत, नारळ, पाहुणे, यंत्र किती स्लाईसचं, किती कोटींचं, सगळं त्यात असतं. मी या बातम्या शेवटच्या ओळीपर्यंत वाचते, कारण अशीच यंत्रं चालवण्यात माझं आयुष्य गेलं. १९९६ ते २०२३ अशी सत्तावीस वर्षं मी सांगलीत रेडिओग्राफर होते. राहायला मिरजेला, रोज येऊन-जाऊन. या यंत्रातून निघणारे फोटो ठेवणार कुठे, किती वर्षं ठेवणार, आणि सात वर्षांनी तोच पेशंट परत आला तर ते उघडतील का, याबद्दल एक ओळही मला त्या बातम्यांत आजवर सापडलेली नाही. म्हणून हे पत्र.

मिरज हे दवाखान्यांचं गाव. वॉन्लेस डॉक्टरांनी १८९४ मध्ये इथे इस्पितळ काढलं, तेव्हापासून जत, अथणी, जमखंडी, विजापूर, पंढरपूर अशी चहूकडची माणसं इथे येतात. कुठल्याही छातीच्या किंवा कॅन्सरच्या डॉक्टरांच्या खोलीबाहेर तासभर बसून बघा. आत गेलेल्या माणसाला पहिल्या दोन मिनिटांत एक प्रश्न येतोच: ‘मागचे फोटो आणलेत का?’ मग पिशवी उघडते. रबर लावलेली गुंडाळी, दुकानाच्या कॅलेंडरमध्ये घालून आणलेल्या फिल्मा. आमच्याकडे लोक फिल्म सपाट राहावी म्हणून गादीखाली ठेवतात. पावसाळ्यात त्या एकमेकींना चिकटतात आणि सोडवायला गेलं की वरचा थरच निघून येतो. हल्लीची ड्राय फिल्म उष्णतेने काळवंडते; पत्र्याच्या घरात दोन उन्हाळे काढले की छाती कुठे आणि पोट कुठे ते कळेनासं होतं. आणि पूर्वीच्या, डार्करूममध्ये धुतलेल्या फिल्मा तर चांदीसाठी भंगारवाले किलोवर घेऊन गेले. घरातलं माणूस गेल्यावर त्याच्या फिल्मा वजनावर देऊन टाकणारी कितीतरी कुटुंबं मी पाहिली आहेत. त्यांना त्या कशाला हव्यात हे कोणी सांगितलेलंच नव्हतं.

डॉक्टर मागचा फोटो मागतात, कारण एक सीटी फक्त एवढंच सांगतो की गाठ आहे. ती वाढते आहे का, हे कळायला दोन लागतात. आठ मिलिमीटरची गाठ दहाची झाली तर पट्टीवर फरक दोन मिलिमीटरचा दिसतो, पण आकारमानाने ती जवळजवळ दुप्पट झालेली असते. तीच गाठ दोन वर्षं आहे तशी राहिली असेल, तर डॉक्टर बहुतेक वेळा पेशंटच्या पाठीवर हात ठेवून त्याला घरी पाठवतात. आपल्या भागात टीबी होऊन गेलेली, आणि झाला होता हे माहीतसुद्धा नसलेली माणसं भरपूर. त्यांच्या फुप्फुसात जुने डाग असतातच. नव्या गाठीला जुना डाग समजणं घातक, आणि जुन्या डागाला नवी गाठ समजून सुई घालणंही त्रासाचं.

इथे फिल्म पुरत नाही, हे सांगायला थोडं खोलात जावं लागेल. छातीचा सीटी करताना यंत्र एक-एक मिलिमीटरच्या तीनशे-साडेतीनशे स्लाईस, म्हणजे आडवे काप, तयार करतं. प्रत्येक स्लाईस ५१२ बाय ५१२ ठिपक्यांची आणि प्रत्येक ठिपक्याला एक आकडा. पाण्याला शून्य, हवेला उणे १०००, चरबीला उणे शंभराच्या आसपास, घट्ट हाडाला हजाराकडे. या मापाला गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांचं नाव आहे. त्यांच्या यंत्रावर १ ऑक्टोबर १९७१ ला लंडनमध्ये पहिल्या पेशंटच्या मेंदूचा सीटी निघाला. या आकड्यांच्या चार हजारांवर पायऱ्या असतात, पडद्यावर एका वेळी त्यातल्या अडीचशेच दिसतात. म्हणून आम्ही ‘विंडो’ बदलत बसतो, कधी फुप्फुसाची, कधी हाडांची, कधी मऊ भागाची. फिल्म छापताना यातल्या दोन विंडो निवडायच्या, पाच-पाच मिलिमीटरचे जाड काप घ्यायचे आणि एका शीटवर तीस चौकटी बसवायच्या. एक चौकट पत्त्याच्या पानाएवढी. बाकीचं सगळं कॉम्प्युटरमध्ये मागे राहतं. मूळ डेटात गाठीवर कर्सर नेला की आकडा येतो, आणि जुन्या डागात चुना साठलेला असला तर त्या आकड्यावरून लगेच कळतं. फिल्मवर कर्सर कसा नेणार? आणि हल्ली तर त्या फिल्मचाही फोटो येतो, खिडकीच्या उजेडात धरून मोबाइलवर काढलेला, मागे ग्रिल दिसणारा, व्हॉट्सअ‍ॅपने आणखी दाबून बारीक केलेला. त्यावर डॉक्टरांनी मत द्यावं अशी अपेक्षा असते, आणि डॉक्टर बिचारे देतातही.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले ती गोष्ट.

सीटीची गॅन्ट्री, म्हणजे मधे भोक असलेला यंत्राचा मोठा गोल भाग, दोन टनांच्या आसपास जड असते. ती सहसा वरच्या मजल्यावर नेत नाहीत, तळमजल्यावरच बसवतात. यंत्र तळमजल्यावर म्हणून ते चालवायचा कन्सोल तळमजल्यावर, कन्सोल तिथे म्हणून सर्व्हरही तिथेच, टेबलाखाली. मी जिथे काम करत होते तिथेही असंच होतं. सर्व्हरमध्ये दोन डिस्क होत्या आणि दोन्हींवर एकाच वेळी तेच लिहिलं जायचं. याला आम्ही सगळे ‘बॅकअप’ म्हणत होतो. शिवाय महिन्यातून एकदा एका सुट्या डिस्कवर प्रत काढायची आणि ती मागच्या लोखंडी कपाटात खालच्या कप्प्यात ठेवायची. ते काम माझ्याकडे होतं आणि मी ते एकदाही चुकवलं नाही.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५ आहे. आधी वाटलं, २००५ च्या पुरासारखं दाराशी येऊन थांबेल. पाणी आत आलं, आणि आठवडाभर राहिलं. ओसरल्यावर आम्ही आत गेलो तेव्हा गॅन्ट्रीच्या भोकात गाळ होता. टेबलाखालचा सर्व्हर उचलला तर कडेच्या जाळीतून पाणी गळत राहिलं, संपेना. कपाटाचं दार फुगून बसलं होतं, ते पहारीने उघडावं लागलं. सुटी डिस्क मी रुमालात गुंडाळून प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवली होती. डब्यातही पाणी. यंत्राचा विमा होता; यंत्र वर्षभरात नवीन आलं. डेटाला विमा नव्हता, आणि असता तरी त्याने काय भरून आलं असतं!

मिरज सांगलीपासून दहा किलोमीटर आहे आणि माझ्या घरात पाणी येत नाही. ती डिस्क मी पर्समध्ये घालून घरी नेली असती तर? अर्थात पेशंटचा डेटा असा घरी नेणं बरोबर नाही, हे मला कळतं. पण केंद्राने उंचावर कुठेतरी, दुसऱ्या गावात, कुलपात एक प्रत ठेवणं अवघड नव्हतं. ते कोणालाच सुचलं नाही, मलाही नाही.

वर्षभराने, कोविडच्या पहिल्या लाटेत, भिलवडीकडचे एक शेतकरी आले. वय पन्नाशीचं. दम लागत होता म्हणून एचआरसीटी, म्हणजे छातीचा बारीक सीटी केला. कोविड फारसा नव्हता, पण उजव्या फुप्फुसाच्या वरच्या लोबमध्ये, म्हणजे वरच्या भागात, नऊ मिलिमीटरची गाठ दिसली. ते म्हणाले, ‘ताई, माझा सीटी तुमच्याकडंच झालाय की. गाडीवरनं पडलो होतो तेव्हा.’ रजिस्टर बघितलं. खरंच, जून २०१८. ती गाठ तेव्हाही होती का, एवढंच बघायचं होतं. दोन मिनिटांचं काम. फिल्म त्यांच्या घरी होत्या, त्या त्याच पुरात भिजून एकाला एक चिकटलेल्या. बायको त्या तशाच घेऊन आली, विटेसारख्या.

बुडालेल्या डिस्क पुण्याला पाठवल्या होत्या. दोन्हीतून काही निघालं नाही. सुट्या डिस्कमधून तुकडे आले होते, हजारो फाईली, नावं नाहीत, फोल्डर नाहीत, नुसते आकडे. इथे डायकॉमची एक खुबी सांगते. सीटी-एमआरआयच्या फाईलींच्या या जागतिक पद्धतीचं काम १९८३ मध्ये अमेरिकेत सुरू झालं आणि डायकॉम हे नाव १९९३ मध्ये पडलं. यात प्रत्येक स्लाईस आपल्या पोटात सगळी माहिती घेऊन फिरते: पेशंटचं नाव, नंबर, तारीख, कितवी स्लाईस, शरीराच्या कोणत्या पातळीवरची, कोणत्या यंत्रावरची. फाईलच्या सुरुवातीला १२८ बाइटची मोकळी जागा आणि तिच्यानंतर डी, आय, सी, एम ही चार अक्षरं. ती अक्षरं दिसली की समजायचं, ही आपली. त्यामुळे विखुरलेल्या फाईलीसुद्धा जुळवता येतात. रोज ड्यूटी संपल्यावर मी ते करत बसायचे. त्यांच्या ३१२ स्लाईसपैकी ४७ सापडल्या. जवळजवळ सगळ्या खालच्या, यकृताच्या. गाठ वरच्या लोबमध्ये होती.

शेवटी बायोप्सी ठरली. सीटीखाली सुई घालताना टेबलाजवळ मीच होते. फुप्फुसाला सुई लागली की कधीकधी हवा बाहेर सुटते, तशी सुटली. नळी घालावी लागली, चार दिवस इस्पितळात, ते दिवस कसले होते ते आपल्याला आठवतच असेल. रिपोर्ट आला: टीबीचा जुना डाग. सगळे आनंदले, पेढेही आणले. मी पेढा घेतला, पण मला ते चार दिवस दिसत होते, आणि नळी धरून कॉरिडॉरमध्ये बसलेला तो माणूस. २०१८ च्या पन्नास स्लाईस, योग्य त्या पन्नास, जिवंत असत्या तर यातलं काही करावं लागलं नसतं.

पुराने नेलं ते नेलं. पण माझ्या हातानेही पुष्कळ गेलंय, आणि ते लिहिल्याशिवाय या पत्राला अर्थ नाही. डिस्क भरत आली की पडद्यावर पिवळी पट्टी यायची. मग सगळ्यात जुना महिना निवडायचा, सिलेक्ट ऑल, डिलीट, येस. बहुतेक केंद्रांत असंच चालतं. आधी पातळ स्लाईस जातात, कारण त्या जागा खातात. जाड काही दिवस राहतात, मग त्याही जातात. कोविडमध्ये तर कहर झाला. एरवी दिवसाला वीस-पंचवीस सीटी करणारे आम्ही साठ-सत्तर करत होतो. सप्टेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने एचआरसीटीचे दर दोन ते तीन हजारांवर बांधून दिले, ते चांगलंच केलं, त्यामुळे गोरगरिबांचेही सीटी निघाले. त्या दोन वर्षांत आपल्या राज्यात जितक्या माणसांच्या छातीचा सीटी झाला तितका आधी कधी झाला नसेल. त्यातली कित्येक माणसं आज चाळिशीत, पन्नाशीत आहेत. पुढच्या वीस वर्षांत त्यांच्यातल्या कोणाला काही दिसलं, तर ‘तेव्हा होतं का?’ या प्रश्नाचं उत्तर त्या सीटीत होतं. आमच्याकडचे ते सगळे २०२२ च्या दिवाळीपर्यंत पुसले गेले. पुसणारी मी. कोणी मला थांबवलं नाही, कारण थांबवेल असा नियमच नाही.

नियम काय आहेत तेही बघा. सीटीच्या यंत्राला अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो, दाराला शिसं लागतं, आमच्या छातीवर किरणं मोजणारा टीएलडी बॅज लागतो आणि तो वेळोवेळी तपासायला जातो. सोनोग्राफीच्या नोंदी गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या पीसीपीएनडीटी कायद्याखाली दोन वर्षं जपाव्या लागतात, आणि त्यासाठी तपासणीला माणसं येतात. सीटी-एमआरआयच्या मूळ डेटासाठी असं बोट ठेवून दाखवावं असं काही मला सत्तावीस वर्षांत कोणी दाखवलं नाही. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीत डॉक्टरांनी पेशंटचे कागद उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं ठेवावेत आणि मागितल्यास ७२ तासांत द्यावेत असं आहे. पण त्यात शब्द आहे आंतररुग्णांचा. बाहेरून चिठ्ठी घेऊन येणारा, अर्ध्या तासात सीटी करून एसटी पकडणारा माणूस त्यात कुठे बसतो? आणि तीन वर्षं ही मुदत कॅन्सरच्या पाठपुराव्याला, मुलांच्या हाडांच्या आजाराला, मेंदूतल्या हळू वाढणाऱ्या गाठीला कशी पुरावी?

आता आरोग्याच्या नोंदी जोडणारा आभा क्रमांक आलाय, आयुष्मान भारत डिजिटल मिशन सप्टेंबर २०२१ पासून देशभर सुरू आहे. माझंही कार्ड आहे. लोकांना वाटतं की आपले सगळे फोटो कुठेतरी दिल्लीला जमा होतात. तसं नाही. ज्या दवाखान्यात तपासणी झाली, नोंद तिथेच राहते. आभाने फक्त तिथपर्यंत वाट दाखवायची आणि तुमच्या संमतीने ती उघडायची. योजना शहाणपणाची आहे, सगळं एका जागी साठवलं नाही हे उत्तमच. पण वाटेच्या टोकाला असलेल्या केंद्राने मागच्या महिन्यात सिलेक्ट ऑल केलं असेल, तर आभा कुठे नेणार?

ठेवलं म्हणजे सापडलं असंही नाही, याचा अनुभव मला नावांनी दिला. आमच्याकडे नोंद इंग्रजीत. शिंदे पाच तऱ्हांनी लिहिलेले मी पाहिलेत. वैशालीला कोणी व्ही लावतो, कोणी डब्ल्यू. जन्मतारीख विचारा, तर आपल्या पिढीतल्या निम्म्यांची १ जून, कारण शाळेत घालताना गुरुजींनी तीच लिहिली. त्यामुळे नाव आणि जन्मतारीख दोन्ही जुळणारी दोन वेगळी माणसं निघतात, आणि एकच माणूस चार नंबरांखाली पडून असतो. बायकांचं तर विचारूच नका. लग्नाआधी माहेरच्या नावाने काढलेला एमआरआय सासरच्या नावाने शोधला की ‘नो रेकॉर्ड’. आडनाव बदललेलं, काहींचं पहिलं नावही बदललेलं. एका बाईंच्या लहानपणीच्या मेंदूच्या तपासण्या मी तीन दिवस शोधत होते. शेवटी त्यांच्या आईने फोनवर माहेरचं नाव सांगितलं आणि अर्ध्या मिनिटात सापडल्या. रात्री अपघाताची केस येते, नाव माहीत नसतं, ‘अननोन मेल’ लिहून सीटी होतो. सकाळी नाव कळतं, पण ते मागे जाऊन दुरुस्त करायला कोणाला सवड नसते. आमच्या यादीत असे ‘अननोन’ शेकड्याने होते. फोटो आहेत, माणूस नाही. नोंदणीच्या खिडकीवर बसणाऱ्या, महिना दहा-बारा हजारांवर काम करणाऱ्या मुलामुलींना कोणी दोन दिवस बसवून शिकवलं, माहेरचं नाव लिहायला एक रकाना दिला, तर याचा निम्मा भार कमी होईल.

सापडलं तरी उघडेल याची खात्री नाही. १९९० च्या दशकाच्या शेवटी आमच्या सीटीचा डेटा एमओडीवर जायचा. जाड प्लॅस्टिकच्या पाकिटातली चपटी तबकडी, मागेपुढे सरकणारं धातूचं झाकण. आम्ही त्यावर बॉलपेनने तारखा लिहून लेबलं लावायचो. पुढे यंत्र बदललं, त्याबरोबर त्या वाचणारा ड्राइव्ह गेला. तबकड्यांचं एक खोकं वरच्या माळ्यावर असल्यामुळे पुरात वाचलं! चाळीसएक तबकड्या, अक्षर माझंच, तारखा स्पष्ट. त्या आत काय आहे ते बघण्याचा मार्ग आमच्याकडे नाही. सीडींचं तेच होऊ घातलंय. त्यावरचा रंगाचा थर दमट हवेत खराब होतो, आणि नव्या लॅपटॉपला सीडीची खाचच नसते. यंत्र विकणाऱ्या कंपन्या बदलल्या की जुन्या सर्व्हरवरचा डेटा नव्यावर नेण्याचे वेगळे पैसे मागितले जातात. करार करतानाच ‘आमचा सगळा डेटा साध्या डायकॉममध्ये, नावानिशी, परत मिळेल’ असं लिहून घेतलेलं नसेल, तर मालक हात वर करतात आणि जुना सर्व्हर कोपऱ्यात धूळ खात पडतो.

यावर काही जण म्हणतील की इतकं साठवायचं म्हणजे चोरीची भीती. ती भीती खरी आहे. २०१९-२० मध्ये ग्रीनबोन या जर्मन कंपनीने दाखवून दिलं होतं की जगभरातले असे सर्व्हर पासवर्डशिवाय इंटरनेटवर उघडे पडले आहेत. भारतातल्या दहा लाखांवर तपासण्या त्यात होत्या आणि राज्यांमध्ये महाराष्ट्र पहिला होता. डोक्याच्या सीटीवरून माणसाचा चेहरा पडद्यावर उभा करता येतो, नुसतं नाव खोडून भागत नाही. आणि २३ नोव्हेंबर २०२२ ला दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला तेव्हा देशातल्या एवढ्या नावाजलेल्या इस्पितळात दोनेक आठवडे हाताने नोंदी कराव्या लागल्या. म्हणून पासवर्ड, मर्यादित माणसांना प्रवेश, कोणी काय उघडलं याची नोंद, हे हवंच. आणि एक प्रत अशी हवी जी इंटरनेटला जोडलेलीच नाही. चोरीच्या भीतीने पुसून टाकणं हा उपाय मला पटत नाही. दागिने चोरीला जातील म्हणून कोणी नदीत टाकत नाही.

खर्चाचा हिशोब मी स्वतः मांडलाय. दिवसाला तीस सीटी, सरासरी तीनशे एमबी धरा. दिवसाचे नऊ जीबी, वर्षाचे तीनशे दिवस धरले तर २,७०० जीबी, म्हणजे पावणेतीन टीबीच्या आत. एकही आकडा न हरवता हा डेटा निम्म्यापर्यंत दाबता येतो, डायकॉममध्येच ती सोय आहे. दहा वर्षांचे तेरा-चौदा टीबी झाले. दोन प्रती केल्या, डिस्क पाच-सहा वर्षांनी बदलल्या, तरी हा खर्च यंत्राच्या एका वर्षाच्या देखभाल कराराच्या पासंगालाही पुरत नाही. सॉफ्टवेअरला पैसे नाहीत म्हणावं, तर बेल्जियममधल्या लीजच्या विद्यापीठ रुग्णालयात २०१२ पासून तयार झालेला ऑर्थँक नावाचा सर्व्हर फुकट मिळतो, आणि तो साध्या कॉम्प्युटरवर चालतो. लागतो तो माणूस. महिन्यातून एकदा मागच्या पाच-सात वर्षांतल्या दहा तपासण्या चिठ्ठ्या टाकून निवडणारा आणि त्या प्रत्यक्ष उघडून पाहणारा. प्रत्येक फाईलचा चेकसम, म्हणजे तिच्या आकड्यांवरून काढलेला ठसा, पूर्वीच्या ठशाशी ताडणारा. मी बारा वर्षं दर महिन्याला प्रत काढली, पण काढलेली प्रत उघडून बघितली ती फक्त दोनदा.

आरोग्य खात्याला माझी विनंती आहे की सीटी-एमआरआयच्या मूळ डेटासाठी, पातळ स्लाईससकट, निदान दहा वर्षांची मुदत ठरवावी आणि लहान मुलांसाठी त्याहून जास्त. दुसरी प्रत वेगळ्या गावात असावी, आणि सांगली-कोल्हापूरसारख्या पूरपट्ट्यात सर्व्हर तळमजल्यावर नसावा, हे नोंदणीच्या वेळीच तपासावं. पुसायचंच असेल तर आधी पेशंटला कळवावं. एक एसएमएस पुरेल.

आणि वाचकांना सांगते, तोवर तुम्ही वाट पाहू नका. सीटी, एमआरआय झाला की फिल्म आणि रिपोर्ट घेऊन निघू नका. ‘डायकॉम द्या’ असं म्हणा. पेन ड्राइव्हवर मागा, घरी पोरांना सांगून कॉम्प्युटरवर उतरवून घ्या, दुसरी प्रत मुलाकडे-मुलीकडे पुण्याला-मुंबईला पाठवा. उतरवल्यावर एकदा उघडून बघा, सगळ्या स्लाईस आहेत का. आमच्याकडे जतच्या एक निवृत्त शिक्षिका यायच्या. दर वेळी सीडी मागून घ्यायच्या आणि स्टीलच्या डब्यात तांदळाच्या पुरचुंडीबरोबर ठेवायच्या, ओल येऊ नये म्हणून. २०२१ मध्ये त्यांच्या फुप्फुसात डाग दिसला तेव्हा त्यांनी डब्यातून २०१३ ची सीडी काढली. ती उघडली. डाग तिथेच होता, तेवढाच. त्या दुपारच्या गाडीने घरी गेल्या.

माझ्याकडे आता वेळ आहे. सांगली, मिरज, कोल्हापूर भागातल्या ज्या केंद्रांच्या मालकांना आपल्या जुन्या नोंदी लावून घ्यायच्या असतील, एकाच माणसाचे चार नंबर जुळवायचे असतील, ‘अननोन’ची नावं रजिस्टरवरून भरायची असतील, त्यांच्याकडे आठवड्यातून दोन दिवस येऊन बसायला मी तयार आहे. मोबदला नको. आणि एमओडी वाचणारा चालू ड्राइव्ह कोणाच्या माळ्यावर पडून असेल, तर कृपया आपल्या कचेरीत कळवावं. त्या चाळीस तबकड्या मी जपून ठेवल्या आहेत.

आपली,
एक निवृत्त रेडिओग्राफर, मिरज
(नाव व पत्ता आपल्या दप्तरी दिला आहे.)